मंगळवारचे साडेसत्तावीस गुण

राजविलास मिलच्या टाइम ऑफिसात रघुवीरराव जगदाळे बसत होते तोवर त्या फाटकातून खोट्या हजेरीचा माणूस तर सोडाच, खोट्या हजेरीचं मांजरही आत गेलं नाही, असं इंदुरात बडा गणपतीकडे अजून सांगतात. कामगार आपलं कार्ड घड्याळात सरकवायचे, दांडा दाबायचे, ठक्क आवाज यायचा, आणि रघुवीरराव पाठमोरे बसून चहा पिता पिता म्हणायचे, "हा हात केशवचा नाही. केशव दांडा चोरून दाबतो. कोण आहेस रे तू?" दुसऱ्याचं कार्ड दाबायला आलेला माणूस जागच्या जागी घामाने भिजायचा. एकदा एकाचं कार्ड त्याच्या जुळ्या भावाने दाबलं. त्या दोघांत त्यांची सख्खी आई फसायची, रघुवीरराव फसले नाहीत.

मग दिल्लीत देशाची दारं उघडली आणि इंदुरात मिलांची दारं एकेक करून बंद झाली. राजविलासचा भोंगा एका सकाळी वाजला नाही, तो नाहीच. रघुवीररावांची नोकरी गेली, पण नोकरीत कमावलेली नजर कुठे जाणार? ती त्यांच्याबरोबर घरी आली. दुधात पाणी सापडलं की ते गवळ्याला धरायचे, आणि नाही सापडलं की जास्तच विचारात पडायचे, आज का नाही म्हणून.

मिलने जाता जाता त्यांच्यावर एक उपकार मात्र केला होता. टाइम ऑफिसात कॉम्प्युटर येणार म्हणून मालकांनी त्यांना राजवाड्याजवळच्या एका क्लासात बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला धाडलं. कॉम्प्युटर आला नाही, मिल गेली, बेसिक राहिलं. त्या जोरावर रघुवीररावांनी डॉसवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर मिळवला, विणाई खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, दिनानाथ घाटगे याला भागीदार केलं, आणि बडा गणपतीच्या वळणावर दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं, 'कॉम्प्युटरद्वारा गुणमेलन'. मुलाची नि मुलीची जन्मवेळ सांगा, छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते छापील कागदावर घेऊन जा. अठराच्या खाली आले तर स्थळ सोडायचं, वर आले तर पेढे.

दिनानाथ म्हणजे रघुवीररावांच्या अगदी उलट. कोणी काही सांगितलं की त्याला पटलंच. पंचवीस वर्षांच्या दोस्तीत रघुवीररावांनी त्याला कितीदा तरी उशिराचा शेरा दिला होता, आणि दर वेळी दिनानाथने संध्याकाळी त्यांनाच कचोरी खाऊ घातली होती. "तुझं काम तू केलंस यार, माझी झोप मी केली," एवढंच म्हणायचा.

आता खरी गोष्ट अशी, की ग्रहांचं गणित रघुवीररावांना येत नव्हतं. ते गणित पुण्याच्या एका गृहस्थाने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होतं, आणि तो प्रोग्रॅम फ्लॉपीवर आला होता. रघुवीररावांचा प्रोग्रॅम नावं विचारायचा, जन्मवेळा घ्यायचा, आणि मग आतल्या आत पुण्याच्या प्रोग्रॅमला हाक मारायचा. तो उठायचा, गणित करायचा, उत्तर एका फाइलीत ठेवून पुन्हा निजायचा. ते उत्तर रघुवीररावांचा प्रोग्रॅम उचलायचा, वर गणपती काढायचा आणि आपलं म्हणून छापायचा. गिऱ्हाइकाला पुण्याचा सुगावा लागू नये म्हणून बंदोबस्तही चोख होता. डॉसमध्ये नल नावाची एक आंधळी विहीर असते, तिच्यात टाकलेला शब्द पुन्हा वर येत नाही. पुण्याचा प्रोग्रॅम पडद्यावर जे काही बोलेल ते सगळं त्या विहिरीत. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला पडद्यावर एक कमळ फुलताना दिसायचं. ही व्यवस्था रघुवीररावांनी कोणालाच सांगितली नव्हती, दिनानाथलाही नाही. सगळ्या इंदूरची हीच समजूत की जगदाळ्यांना ग्रह येतात.

त्यांची मुलगी रुची शाळेत शिकवायची. दुपारी रघुवीरराव जेवायला घरी गेले की कधी कधी दुकानात तीच बसायची. तिला दिनानाथच्या पुतण्याचं, देपालपूरच्या प्रतापचं, स्थळ आलं. प्रतापही मास्तर. दोघं बी.एड.ला एकाच वर्गात होती, हा निव्वळ योगायोग असं रघुवीररावांना सांगण्यात आलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तो मान्यही केला होता. प्रतापच्या आईचं म्हणणं एकच: गुण जुळले तर मुलगी डोळे मिटून आणते, नाही जुळले तर डोळे उघडूनही नाही. मग एका मंगळवारी दिनानाथने दुकानात बसून दोघांचे गुण काढले आणि कागद नाचवत जगदाळ्यांच्या घरी आला. साडेसत्तावीस. रघुवीररावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी साखरपुडा ठरला.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग दुकानात अप्पासाहेब आले.

अप्पासाहेब जुन्या होळकर दरबारी घराण्यातले, दोन मुलींचे बाप. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "जगदाळे, तुमच्या मशीनला मानलं बुवा. थोरलीचे साडेसत्तावीस, धाकटीचे साडेसत्तावीस. एक जावई उज्जैनचा, एक सांवेरचा. घराण्याचं पुण्य, दुसरं काय."

रघुवीररावांचा कप ओठाशी थांबला. "केव्हा काढलेत?"

"थोरलीचे दिवाळीनंतर. धाकटीचे आत्ता, परवा."

"वार कोणता होता?"

"मंगळवार. दोन्ही वेळेस. मी मंगळवारीच येतो, घाटगे शांतपणे करून देतात. तुम्ही फार प्रश्न विचारता."

अप्पासाहेब गेले, पण रघुवीररावांच्या डोक्यात ठक्क असा आवाज झाला तो झालाच. दोन कार्डांवर एकाच मिनिटाचा शिक्का सापडला की त्याचा अर्थ मिलमध्ये एकच असायचा, दोन कार्डं आणि हात एक. मंगळवार म्हणजे दिनानाथचा वार. त्या दिवशी मिलच्या फाटकावर बेकार झालेल्या कामगारांची सभा भरायची आणि रघुवीरराव ती कधी चुकवत नसत, कारण सभेला कोण कोण येत नाही हे बघायला कोणीतरी हवंच. दिवसभर दुकानात दिनानाथ एकटा.

त्यांनी चौकशी सुरू केली, पण अशी की चौकशी वाटू नये. भाजीवालीच्या भाच्याचे किती निघाले? साडेसत्तावीस. वार? मंगळवार. सराफ्यातल्या मुनीमाच्या पोरीचे? तेवढेच, वारही तोच. मग त्यांनी स्वतः बसायच्या दिवशी मशीनवर लक्ष ठेवलं. कोणाचे चौदा, कोणाचे बावीस, एकाचे तर फक्त नऊ. म्हणजे मशीन प्रामाणिक. गडबड माणसात.

कारणही त्यांना लगेच दिसलं. दिनानाथला पुतण्याचं लग्न जमवायचं होतं. एकट्या प्रतापचे गुण वाढवले असते तर कोणाच्याही डोळ्यांवर आलं असतं, म्हणून त्याने दिवाळीपासून सगळ्या गावाला साडेसत्तावीस वाटायला सुरुवात केली. केवढा दूरचा विचार. एवढ्या साध्या माणसात एवढं डोकं असेल असं वाटलं नव्हतं, असं मनाशी म्हणताना त्यांना थोडा आदरही वाटून गेला. रुची नि प्रतापचे गुण पुन्हा एकदा गुपचूप काढून बघावेत, तर प्रतापची जन्मवेळ दिनानाथकडे. मागितली की चोर सावध झाला.

शेवटी त्यांनी लक्ष्मीबाईंना विचारलं. "अगं, साडेसत्तावीस या आकड्यात तुला काही खटकतंय का?"

लक्ष्मीबाई तांदूळ निवडत होत्या. "त्यात खटकायचं काय? आपलेही तेवढेच होते की."

"कोणाचे?"

"तुमचे नि माझे. मामंजींनी माझ्या बाबांना कळवलं होतं, साडेसत्तावीस, उत्तम योग."

रघुवीरराव उभेच राहिले. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे तो आपलं कार्ड दाबतोय. आपल्या लग्नावर गावाची लग्नं लावतोय."

"लावू दे की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कळू दे सगळ्यांना, साडेसत्तावीस म्हणजे नेमकं काय असतं ते."

तो बोल रघुवीररावांच्या कानावरून गेला. त्यांना दिसत होता फक्त येणारा मंगळवार, आणि त्यानंतरचा रविवार. दिनानाथने गुण खोटे केले असतील तर साखरपुडा मोडायचा, आणि मुलीचं जमलेलं लग्न मोडायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. पण गुण खोटे आहेत हे कळूनही गप्प बसायचं, तर मग आयुष्यभर त्या फाटकावर बसून त्यांनी केलं तरी काय होतं?

मंगळवारी ते सभेला गेले नाहीत. दुकानासमोर नथूची चहाची गुमटी होती, तिच्या मागल्या बाकावर पेपर पसरून बसले.

नथू बरणी पुसत म्हणाला, "भिया, आज गेट पे नी गए?"

"पाय दुखतोय."

"पाय दुखतोय तर डोळे का ताणून बसलेत?" नथूला मराठीही येत होतं, टोमण्यापुरतं. "चार चाय हो गई, और पेपर का एक ही पन्ना चल रिया है आपका."

"तुझ्या चहात आज साखर कमी आहे."

"रोज इतनी ही रैती है, भिया. आज आप चख रहे हो."

समोर दिनानाथ आला. उंबऱ्याला हात लावला, शटर वर केलं, उदबत्ती लावली, मशीन चालू केलं. मशीनच्या पोटातून बारीक, डासासारख्या आवाजात आरतीची चाल ऐकू आली आणि दिनानाथ डोळे मिटून हात जोडून उभा राहिला. रघुवीररावांनी नाक मुरडलं. चोर आधी देवाला सामील करून घेतो, हे त्यांना मिलपासून माहीत होतं.

गिऱ्हाइकं येत गेली. दिनानाथ नाव विचारायचा, टाइप करायचा, कमळ फुलायचं, कागद निघायचा. हात कुठे इकडेतिकडे जाताना दिसत नव्हता. खिशातून काही निघत नव्हतं. रघुवीररावांना तर हेच जास्त संशयास्पद वाटलं. इतकं सरळ कोण वागतं?

सांवेरचा एक शेतकरी कागद घडी करत बाहेर पडला. रघुवीररावांनी त्याला मोटारसायकलपाशी गाठलं.

"किती आले?"

"साढ़े सत्ताईस, बाबूजी. भांजे का रिश्ता है. आप पंडितजी हैं क्या?"

"नाही, नाही. असंच."

त्याच्यामागून एक बाई हसत आली. तिलाही विचारलं. साडेसत्तावीस. रघुवीररावांनी पेपरची घडी काखेत मारली आणि रस्ता ओलांडला.

"दिना, ऊठ."

दिनानाथने मान वर केली. त्याचा चेहरा फुलला. "अरे रघू, सभा नाही आज? बस, चहा मागवतो."

"माझ्या मुलीच्या लग्नात तू खोटं कार्ड दाबलंस."

दिनानाथला कळेना. तो हसतच राहिला, पण हसू हळूहळू एका बाजूला झुकायला लागलं.

"साडेसत्तावीस," रघुवीरराव म्हणाले. "अप्पासाहेबांच्या दोन्ही मुलींचे. मुनीमाच्या पोरीचे. आत्ता सांवेरवाला गेला त्याच्या भाच्याचे. त्या बाईचे. आणि रुचीचे. मंगळवारी जो येईल त्याचे साडेसत्तावीस."

"मग चांगलंच आहे की. गणपतीचा वार आहे."

"गणपतीवर ढकलू नकोस. तो काय मशीनवर बसतो?"

आता दिनानाथचा आवाज खाली आला. "तुला वाटतं हे मी करतो. प्रतापसाठी."

रघुवीररावांनी फक्त मशीनसमोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. हो म्हणण्यापेक्षा ते वाईट होतं.

दिनानाथ खुर्चीवरून उठला. त्याने खुर्ची उपरण्याने पुसली, जशी गिऱ्हाइकासाठी पुसायचा. "बस. तूच कर. मी हात मागे बांधून उभा राहतो. विणाईत बोनसच्या दिवशी झडती द्यायला उभा राहायचो तसा."

रघुवीरराव बसले. कोणाचे गुण काढावेत? दिनानाथला आधीपासून ठाऊक नसेल असं काहीतरी हवं. त्यांनी वराच्या जागी टाकली राजविलास मिल, जन्म तिच्या उद्घाटनाचा दिवस, वेळ पहिल्या भोंग्याची. वधूच्या जागी टाकला मिल बंद पडल्याचा दिवस, वेळ न वाजलेल्या भोंग्याची. कमळ फुललं, कागद निघाला. साडेसत्तावीस. उत्तम योग.

दिनानाथने मागे बांधलेल्या हातांनीच वाकून कागद वाचला. "एवढे जुळत होते तर मिल गेली कशी रे?"

रघुवीररावांनी कागद उजेडाला धरून पाहिला. माणसावरचा संशय पातळ झाला, पण संशय असा वाऱ्यावर सोडता येत नाही, तो लगेच दुसरीकडे बसवावा लागतो. पलीकडच्या गल्लीत एक नवं दुकान निघालं होतं, विंडोज नव्वद-पंच्याण्णव काहीतरी, रंगीत पडदा, उंदराने चालवायचं. त्यांनीच व्हायरस सोडला असणार. दिनानाथ म्हणाला, "सोडतील कसा? गल्ली ओलांडून?"

मग रघुवीररावांनी टाइम ऑफिसातली जुनी युक्ती काढली. चोर सापडत नसला की ते फाटकावरचा पहारा मुद्दाम उठवायचे आणि आडून बघायचे. इथे पहारा त्यांनीच बसवलेला होता, ती आंधळी विहीर. पुण्याचा प्रोग्रॅम ज्या छोट्या बॅच फाइलीतून, हुकुमांच्या यादीतून, उठायचा तिच्या पहिल्याच ओळीत त्यांनी सगळं बोलणं नलमध्ये सोडलं होतं. ती ओळ त्यांनी काढली. कमळही काढलं. आणि मिलचं लग्न पुन्हा लावलं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. प्रोग्रॅम टू बिग टू फिट इन मेमरी.

"काय म्हणतोय?" दिनानाथने विचारलं.

"मावत नाही म्हणतोय."

"कोण कुठे मावत नाही?"

रघुवीरराव पडद्याकडे बघत राहिले. डॉसची मेमरी म्हणजे एकच बाक. त्यांचा प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारतो खरा, पण स्वतः उठून जात नाही, बसूनच राहतो. उरलेल्या जागेत दुसरा मावला तर काम करतो, नाही मावला तर दारातूनच परत जातो. आणि हाक मारणाऱ्याला त्याची खबरही नसते. त्याने निरोप दिला, त्याचं काम झालं. पण रोज तर मावतो. मंगळवारी बाकावर आणखी कोण येऊन बसतं?

"दिना, सकाळपासून या मशीनवर काय काय चालू केलंस?"

"काही नाही."

"नीट आठव."

"फक्त आरती. माझ्या उज्जैनच्या साडूने फ्लॉपी दिली होती ना, दिवाळीला. मंगळवारी लावतो. आधी आरती म्हणते, मग दर तासाला घंटा वाजवते. फार गोड आहे."

"आरती संपल्यावर बंद होते?"

"बंद कशी होईल? मग घंटा कोण वाजवणार?"

रघुवीररावांनी डोळे मिटले. दर तासाला घंटा वाजवण्यासाठी ती आरती दिवसभर बाकावर मांडी ठोकून बसत होती, आणि पुण्याचा प्रोग्रॅम दारातून परत जात होता. तो जाताना काय ओरडत होता ते सगळं त्या विहिरीत पडत होतं. विहीर कोणी खणली होती?

"पण मग साडेसत्तावीस कुठून येतात?" दिनानाथने विचारलं. तो हात मागे बांधलेलेच ठेवून होता.

याचं उत्तर रघुवीररावांना ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढणं जड जात होतं. पुण्याची फ्लॉपी येण्याआधी, प्रोग्रॅम नुसता चालवून बघायला, त्यांनी नमुना म्हणून वडिलांच्या जुन्या वहीतलं एक उत्तर वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवलं होतं, आणि मग ते साफ विसरून गेले होते. आणि उत्तर सापडलं नाही तर पडदा रिकामा दिसू नये, गिऱ्हाइकापुढे फजिती होऊ नये, म्हणून नमुनाच छापायचा असं प्रोग्रॅमला बजावलं होतं.

"माझे आहेत," ते म्हणाले. "माझे नि लक्ष्मीचे."

दिनानाथने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्याचं पोट हलायला लागलं. तो टेबलाला धरून हसला. "म्हणजे अप्पासाहेबांच्या दोन्ही मुली तुझ्या नि वहिनींच्या... आणि तो सांवेरवाला... अरे यार, गावात किती जगदाळे करून ठेवलेस तू." हसता हसता त्याला काहीतरी आठवलं आणि तो थांबला. "रुचीचे?"

"तेही आमचेच."

मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. या वेळी आरती नव्हती. दिनानाथने प्रतापची जन्मवेळ तोंडपाठ सांगितली. कमळ काढलेलं होतं, त्यामुळे पुण्याचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच उघड्यावर आला, काळा पडदा, इंग्रजी अक्षरं, वर कोणा परक्या माणसाचं नाव.

"हा कोण?"

"पुण्याचा. गणित तोच करतो."

"तू नाही करत?"

"नाही."

प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. दोघांनी एकदमच वाचला. अकरा. छत्तीसपैकी अकरा. खाली लिहिलं होतं, विवाह टाळावा.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. नथूच्या गुमटीवर कोणीतरी कप आपटला. दिनानाथने हात मागून सोडवले आणि तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. भाविक माणूस होता, कोणी काही सांगितलं की त्याला पटायचं, आणि इथे तर छापील होतं. रघुवीररावांना कळलं की रविवार गेला.

"प्रतापच्या आईला सांगावं लागेल," ते म्हणाले.

"हं." दिनानाथ कागदाकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "हा पुण्याचा माणूस. तू याला भेटला आहेस?"

"नाही. फ्लॉपी पोस्टाने आली."

"फोनवर बोललास कधी?"

"नाही."

"याने इंदूर पाहिलंय?"

"मला काय माहीत?"

"माझ्याबरोबर पंचवीस वर्षं चहा प्यायलास," दिनानाथ म्हणाला, "आणि माझ्यावर नजर ठेवायला नथूच्या बाकावर जाऊन बसलास. हो, दिसत होतास मला. पेपरच्या वरून टोपी दिसत होती. आणि याला बघितलं नाहीस, ऐकलं नाहीस, याने पाठवलेला आकडा मात्र तू आल्याबरोबर आत सोडतोस. याचं कार्ड कोण तपासणार?"

रघुवीररावांनी टोपी काढून हातात घेतली. एवढ्या वर्षांत त्यांच्या खात्यात त्यांच्यावरच कोणी शेरा मारला नव्हता.

दिनानाथने कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो प्रिंटरच्या एका पायाखाली सारला, तो पाय कधीपासून डुगडुगत होता. "साखरपुडा रविवारीच. वहिनींना सांग, पेढे मी आणतो. आणि ते कमळ पुन्हा लाव. लोकांना आवडतं."

घरी रुची ओट्याशी मेथी निवडत बसली होती. लक्ष्मीबाई पोळ्या लाटत होत्या. रघुवीररावांना ते पोटात ठेवता येईना. माणूस खोटा निघाला असता तर एक वेळ ठेवता आलं असतं, आकडा खोटा ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

"अकरा," ते म्हणाले.

"काय अकरा, बाबा?"

"तुझे नि प्रतापचे. खरे. मंगळवारचे ते खोटे होते."

रुचीने मेथीची एक काडी मोडली. "हो ना," ती म्हणाली. "अकराच आहेत. मी काढले होते आधीच्या शुक्रवारी, तुम्ही जेवायला आलात तेव्हा."

पोळी तव्यावर फुगली. लक्ष्मीबाईंनी ती उलटली नाही.

"मग?" रघुवीररावांनी विचारलं.

"मग काय? आमच्या शाळेत तिघींचे तुमच्याकडे मंगळवारी निघालेत. तिघींचे साडेसत्तावीस. का ते मला माहीत नव्हतं, पण निघतात हे माहीत होतं. म्हणून काकांना म्हटलं, आमचे मंगळवारी काढा."

संशयाची पंचवीस-तीस वर्षांची कमाई असलेला तो माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. गवळी, नथू, दिनानाथ, पलीकडच्या गल्लीतला रंगीत पडदा, सगळ्यांना त्यांनी धरून झालं होतं. ओट्याजवळ बसलेल्या पोरीकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता. आला तो कसला तरी अभिमान, आणि तो त्यांनी घाईने गिळला.

"शुक्रवारी काढलेस तेव्हा दुकानात कोण होतं?"

"कोणी नाही."

"दिनानाथ?"

रुचीने विचार केला. "काका होते मागे. उदबत्ती लावत होते."

"त्याने पडदा पाहिला?"

"ते मला कसं कळणार? पाठ होती माझी. पण मंगळवारी काढा म्हटलं तेव्हा हसले होते."

"कसे हसले?"

"हसतात तसेच की."

लक्ष्मीबाईंनी करपलेली पोळी बाजूला काढली. "अहो, आता त्यांच्या हसण्याची झडती घेऊ नका. साडेसत्तावीस घेऊन मी या घरात आले. रोज एकदा तरी तुम्ही मला विचारता, डब्यातला लाडू कोणी खाल्ला. तिला अकरा घेऊन जाऊ द्या. बघू तरी."

रविवारी साखरपुडा झाला. प्रतापच्या आईने रुचीला डोळे मिटून साडी दिली. अप्पासाहेब आले होते, सगळ्यांना सांगत होते की हीसुद्धा साडेसत्तावीसची जोडी, मशीन म्हणजे मशीन. रघुवीरराव कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहुण्यांमध्ये फिरणाऱ्या दिनानाथवर नजर ठेवून होते. तो पागोटं बांधून, पेढ्यांचं ताट घेऊन, सगळ्यांशी तोच तो गोड चेहरा करून बोलत होता. तो शुक्रवारपासून सगळं जाणून होता, की आत्ताही त्याला काहीच माहीत नव्हतं? तो भाविक होता, की भाविक दिसणारा कोणी होता? पंचवीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर चहा प्यायला, आणि आत काय आहे ते दिसलं नाही.

दिनानाथ ताट घेऊन त्यांच्यापुढे आला. रघुवीररावांनी पेढा घेतला नाही. ते त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. तिथे काहीच सापडलं नाही.

"काय बघतोस?" दिनानाथने विचारलं.

"काही नाही."

"मग खा."

रघुवीररावांनी पेढा उचलला. उलटा करून खालची बाजू पाहिली, एकदा वास घेतला, आणि मग खाल्ला.